वसईचे विद्यालय ते वांद्र्याचे हायस्कूल

इ. स. १७३९ मध्ये वसई पडली आणि तेथील जेझुइट विद्यालय बंद झाले. आमच्या पूर्वजांनी श्रद्धा राखिली. परंतु मुलांच्या उच्च विद्येचा धागा तुटला.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावाचून कॉलेजात प्रवेश नसे. १८६३ साली जेझुइट धर्मगुरूंनी वांद्रे येथे पोरक्या मुलांकरिता सेंट स्टॅनिस्लॉस संस्था काढिली. तीच पुढे हायस्कूल झाली. वांद्रे तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. १८६९ मध्ये मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेज निघाले. तुटलेला धागा असा पुन्हा जोडला गेला.

ज्युबिलीच्या या मंगल समयी ठाणे-कल्याणच्या मातापित्यांस आम्ही एवढेच विनवितो : लेकरांची विद्या दहावीवर थांबवू नका. पूर्वजांची शाळा युद्धाने बंद पडली. आपली अनास्थेने न पडो.