डाग गेला, पण रेकॉर्ड?

अंबरनाथची दमट हवा आणि रोजची लोकल. एवढ्या घामात गजकर्ण होणं काही नवल नाही. मलम लावलं, खाज थांबली, की खरी काळजी सुरू होते. डाग राहील का? परत उठेल का? गजकर्णापुरतं उत्तर सोपं आहे. मागे उरणारा काळसर डाग म्हणजे बुरशी नव्हे, काही महिन्यांत तो बहुतेक फिका होतो. पण हेच प्रश्न एका आजाराच्या मागे शंभराहून जास्त वर्षं लागले. तो आजार म्हणजे कुष्ठरोग, आपल्या आजी-आजोबांच्या भाषेत महारोग.

अंबरनाथहून कुर्ल्याला उतरायचं, हार्बर पकडायची, की वडाळा येतं. इथे १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला. आज तिथे महापालिकेचं कुष्ठरोग रुग्णालय आहे. हॅन्सनने १८७३ मध्ये नॉर्वेत या रोगाचा जंतू शोधला होता, पण औषध नव्हतं. मग उरलं काय? वेगळं ठेवणं. १८९८ च्या 'लेपर्स अ‍ॅक्ट'ने निराधार रुग्णांना पकडून आश्रमात ठेवायची सोय केली आणि काही धंदे करायला त्यांना बंदी घातली.

औषध आलं १९४० च्या दशकात, सल्फोन गटातलं. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. एकाऐवजी दोन-तीन औषधं, सहा किंवा बारा महिने. रोग पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्ग पसरायचा थांबतो. म्हणजे जंतूचा प्रश्न मिटला.

पण बरं झाल्यावर बोटं वाकडी का राहतात? इथे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचं काम महत्त्वाचं. बोटं जंतूंमुळे 'झडतात' हा समज त्यांनी खोडून काढला. जंतू नसा बधिर करतो. मग चहाचा गरम कप, चप्पलमधला खिळा, काहीच जाणवत नाही. जखमा होत राहतात, चिघळतात आणि बोटं झिजतात. म्हणजे नुकसान बरंचसं टाळता येण्यासारखं होतं! ब्रँड यांनी हाताच्या स्नायूबंधांवर शस्त्रक्रिया करून वाकडी बोटं पुन्हा कामाला लावली. मुंबईत डॉ. नोशीर अँटिया यांनीही कुष्ठरुग्णांसाठी अशी प्लॅस्टिक सर्जरी केली. आणि वरोऱ्याला बाबा आमटेंनी आनंदवनात दाखवून दिलं की हेच हात शेती करू शकतात, वस्तू घडवू शकतात.

आता आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. बग फिक्स झाला, टेस्टिंग पास झालं, पण डेटाबेसमध्ये स्टेटस 'ओपन'च राहिलं तर? कायद्यांचं नेमकं तसंच झालं. १९९५ च्या अपंग कायद्याने 'कुष्ठरोगमुक्त' माणसाची वेगळी नोंद घेतली, पण १८९८ चा कायदा पुस्तकात तसाच होता. २००८ साली ओडिशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुष्ठरुग्णाला नगरपालिकेच्या पदासाठी अपात्र ठरवणारी तरतूद वैध ठरवली. अर्थात, विधिमंडळाने याचा पुनर्विचार करावा असंही म्हटलं. लेपर्स अ‍ॅक्ट रद्द व्हायला २०१६ उजाडलं. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण वैयक्तिक कायद्यांतून निघालं थेट २०१९ मध्ये. औषध सुचवल्यानंतर तब्बल ३८ वर्षांनी!

भारताने २००५ अखेर 'निर्मूलन' गाठलं, म्हणजे दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. रोग संपला असा त्याचा अर्थ नाही. देशात अजून वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. म्हणून डागाबद्दल काळजी वाटत असेल तर त्याच्या रंगाकडे बघत बसू नका, त्याला स्पर्श कळतो का ते बघा. खाजणारा डाग बहुधा साधा असतो. न खाजणारा, बधिर डाग मात्र लगेच दाखवायला हवा. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, आणि वेळेवर घेतलं तर नसा बहुतेक वाचतात.

आणि कोणी बरं होऊन ऑफिसात परत आलं, तर हात पुढे करायचा. कायद्याने त्याचं स्टेटस बदलायला ३८ वर्षं घेतली, आपल्याला एवढा वेळ लागू नये.