आधी प्लॉट, मग ड्रेनेज: सोलापूरच्या हद्दवाढीची गोष्ट

1992 ला सोलापूर महापालिकेची हद्द वाढली आणि सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर एकदम 178 वर गेलं. शेळगी, बाळे, सोरेगाव, मजरेवाडी शहरात आली. आजही आपण त्याला 'हद्दवाढ भाग'च म्हणतो, तीस वर्षं उलटली तरी!

खरं तर 1966 च्या नगररचना कायद्यात जमिनीचे प्लॉट पाडणं हाही 'विकास'च धरलाय. म्हणजे आधी लेआऊटची मंजुरी, मग काम. रस्ता, गटार, नाला कागदावरच ठरायला हवं, कारण सांडपाणी उतारानंच वाहतं. घरं उभी राहिल्यावर पाइपला उतार कुठून आणणार?

पण राज्यभर शेतं गुंठ्यानं विकली गेली. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. यंत्रमाग किंवा विडी कामगाराला तेवढंच जमायचं, त्यामुळे घेणाऱ्याला दोष देणं मला पटत नाही.

2001 ला गुंठेवारी कायदा आला. 1 जानेवारी 2001 आधीचे प्लॉट शुल्क भरून नियमित करायची सोय झाली. आमच्या भाषेत, कोड आधी लाईव्ह, डिझाईन नंतर. 2021 ला ती तारीख थेट 2020 च्या डिसेंबरअखेरपर्यंत सरकवली.

तुम्ही प्लॉट बघायला गेलात, तर सातबाऱ्यासोबत मंजूर लेआऊटचा नकाशा मागा. पाणी कुठल्या नाल्याला जातं, ते त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा.