ओरखडे आणि अंधार

१९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतील चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन बोलपट दाखविण्याचा प्रघात पाडला. त्यांतील दुय्यम, अल्प खर्चाचा, तो ‘बी’ चित्रपट. पैसा थोडा, दिवस मोजके. म्हणून छायालेखक नेपथ्याचे दारिद्र्य अंधारात झाकून टाकीत. एडगर उल्मर यांच्या १९४५ च्या ‘डीटूर’मधील न्यूयॉर्कचा रस्ता म्हणजे दाट धुके आणि दिव्यांचे खांब, एवढेच!

पुढे १९७० च्या सुमारास असेच स्वस्त चित्रपट ‘ग्राइंडहाउस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटगृहांत झिजलेल्या प्रतींवरून दाखविले जात. २००७ साली रॉबर्ट रॉड्रिग्ज आणि क्वेंटिन टॅरँटिनो यांनी त्याच नावाच्या जोडचित्रपटाने त्यांना मानवंदना दिली. दोघेही आपापल्या भागाचे छायालेखक होते. टॅरँटिनो यांनी फिल्म वापरली. रॉड्रिग्ज यांनी डिजिटल कॅमेऱ्याने स्वच्छ चित्रण करून त्यावर ओरखडे मागाहून चढविले.

गंमत अशी की, जुन्या छायालेखकांना ओरखडा कधीच नको होता. तो प्रत झिजल्याने आपोआप येई. त्यांनी बुद्धिपुरस्सर योजिला तो अंधार. ओरखडे आज यंत्र देते. कोणता दिवा मालवावा, हे मात्र अजूनही छायालेखकालाच ठरवावे लागते. त्या गरीब चित्रपटांचा खरा वारसा हाच होय.