आरोपी नंबर तीन

आमच्या आजोबांचा छापखाना कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होता. छापखाना म्हणजे काय, तर एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसी आणि शाईने काळंकुट्ट झालेलं टेबल. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि एक चारपानी साप्ताहिक, एवढाच व्याप. संध्याकाळी वापरलेले खिळे परत आपापल्या खान्यात टाकताना आजोबांना गोष्टींचा मूड यायचा. हात चालू, नजर भलतीकडेच, आणि तोंडी टिळक-आगरकर.

ही गोष्ट त्यांनी वडिलांकडून ऐकलेली. वडिलांनी ती कोल्हापुरातल्या जुन्या माणसांकडून उचललेली. गोष्टीत कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज होते, लहानपणी दत्तक आलेले. त्यांना वेडे ठरवून छळणारा कारभारी होता. आणि पुण्याचे दोन तरणे मास्तर होते, ज्यांनी कुणाची भीडभाड न ठेवता सगळं छापलं आणि डोंगरीच्या तुरुंगात गेले. ‘एकशे एक दिवस,’ आजोबा आहेराचा आकडा पुकारावा तसं म्हणायचे.

पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं, की आमच्या घरच्या गोष्टीतून दोन गोष्टी गळाल्या होत्या: बनावट पत्रं आणि माफी. लोककथा अशीच चाळून निघते, त्याबद्दल तक्रार नाही. पण गळालेला भागच मला जास्त मोलाचा वाटतो.

‘मराठा’ आणि ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये निघाले. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. पहिलं वर्ष संपायच्या सुमाराला महाराजांच्या हालांवर कडक लेख येऊ लागले. कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांच्या नावची काही पत्रंही पुण्यात फिरत होती. महाराजांचा काटा काढण्याचा बेत त्यांतून दिसत होता. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. कोर्टात पत्रं बनावट ठरली. दोघा संपादकांनी माफी मागितली, पण तिचा उपयोग झाला नाही. १७ जुलै १८८२ रोजी हायकोर्टाने चार महिन्यांची साधी कैद सुनावली. आगरकरांना सव्वीस पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. टिळकांना व्हायचे होते.

खटला चालू असताना जामिनाचा प्रश्न आला, तेव्हा दहा हजारांची हमी दिली ती रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर. ज्या चिपळूणकरांच्या गोटातून ही वृत्तपत्रं निघाली, त्यांनीच ‘निबंधमाले’त फुल्यांची यथेच्छ टर उडवली होती. ते चिपळूणकर खटला निकाली निघण्याआधीच, मार्च १८८२ मध्ये वारले. फुल्यांनी जुना हिशेब काढला नाही. वृत्तपत्र-स्वातंत्र्यावरची व्याख्यानं मी बरीच ऐकली; हा जामीन त्यांत क्वचितच येतो.

डोंगरीत दोघे एका कोठडीत होते. रात्री इतक्या चढ्या आवाजात वाद घालायचे, की पहारेकऱ्यांना दटावावं लागे. आगरकरांनी सुटल्यावर त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. ‘हॅम्लेट’चं रूपांतरही त्यांनी तिथेच हाती घेतलं होतं, जे पुढे ‘विकारविलसित’ म्हणून आलं. गादीवरचा माणूस वेडा आहे की वेडा ठरवला जातोय, या प्रश्नापायी तुरुंगात गेलेल्याने नेमकं तेच नाटक निवडावं, हे मला अजून नवलाचं वाटतं.

२६ ऑक्टोबरला दोघे सुटले. त्यानंतर चौदा महिन्यांनी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. वय अवघं वीस. म्हणजे पत्रं खोटी होती. पण महाराज सुरक्षित हातांत नाहीत, ही काळजी खोटी नव्हती. कोर्टापुढे काळजी उभी नव्हती, पत्रं उभी होती. त्याबद्दल कोर्टाला दोष देता येत नाही. त्याच्या समोर जे ठेवलं जातं तेच ते बघणार.

याच टिळकांनी पुढे उलट बाजूने उभं राहून पाहिलं. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० सालच्या पुस्तकात त्यांच्यावर जे आरोप केले, त्याबद्दल टिळकांनी विलायतेत दावा लावला. १९१९ मध्ये तो चालला. समोरून एडवर्ड कार्सन. चिरोल बाजूलाच राहिला आणि टिळकांचं सगळं सार्वजनिक आयुष्य पिंजऱ्यात उभं केलं गेलं. टिळक दावा हरले आणि खर्च मानेवर बसला. जिंकणाराही फुकट सुटत नाही. १८६२ च्या महाराज लायबल केसमध्ये पत्रकार करसनदास मुळजी जिंकले, त्यांना खर्चापोटी साडेअकरा हजार मिळाले. पदरचे गेले होते चौदा हजारांच्या आसपास.

बर्व्यांची फिर्याद ज्या कायद्याखाली झाली, तो १८६० च्या दंड संहितेतला. त्यातलं कलम ४९९ आज न्याय संहितेत ३५६ झालं आहे, गाभा तोच. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. आता समाजसेवेची शिक्षाही जोडली आहे. दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला की सुटका होते. फौजदारीत तेवढ्यावर भागत नाही. तो छापणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. नुसत्या अब्रूसाठी माणसाला तुरुंगात घालावं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि १३ मे २०१६ रोजी न्यायालयाने कलम कायम ठेवलं. त्याच न्यायालयाने १९९४ मध्ये, ऑटो शंकरच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात, मोठी मोकळीक दिली होती: अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल छापलेलं चुकीचं निघालं, तरी खऱ्याखोट्याची पर्वाच केली नव्हती असं सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मागता येणार नाही. म्हणजे प्रामाणिक चुकीला जागा आहे. पण ती दिवाणी दाव्यात.

आणि दिवाणीतही ती जागा सगळ्यांना मिळते असं नाही. २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने एका घोटाळ्याच्या बातमीत न्यायमूर्ती सामंता यांच्याऐवजी निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, जेमतेम पंधरा सेकंद. सावंतांनी पुण्यात दावा लावला आणि २०११ मध्ये कोर्टाने शंभर कोटींचा हुकूमनामा दिला. अपील ऐकायचं तर आधी वीस कोटी भरा आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्या, असं हायकोर्ट म्हणालं. हेच सावंत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष राहिलेले. त्यांचा राग खराच होता. आयुष्यभर न्याय केलेल्या माणसाचा चेहरा घोटाळ्याच्या बातमीत झळकला, तर तो काय करणार? पण तो आकडा ऐकून जिल्ह्याच्या ठिकाणी पेपर चालवणाऱ्याच्या पोटात गोळा आला असेल, तर तोही खराच.

आजोबांना असा आकडा कधी कुणी मागितला नाही. त्यांना तारखा मिळाल्या. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक टायपात एक ओळ असे: संपादक अमुक, प्रकाशक तमुक, मुद्रक आमचे आजोबा. १८६७ पासून कायद्याने मुद्रकाचं नाव छापावंच लागे. रेशनचा गहू गावातल्या एका पुढाऱ्याच्या गोदामात उतरतो, अशी बातमी आली आणि त्या ओळीतले तिघेही आरोपी झाले. आजोबा नंबर तीन. मजकूर बदनामीचा आहे हे माहीत असून छापणाऱ्यालाही तेव्हा दंड संहितेचं कलम ५०१ लागे, आणि अक्षरन् अक्षर हाताने जुळवलेला माणूस ‘माहीत नव्हतं’ म्हणणार कसा?

पहाटेची एसटी, फडक्यात भाकरी, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसणं, आणि संध्याकाळी पुढची तारीख. आजी चिडून म्हणायची, ‘ह्यांनी चोरी केली असती तर एकदाच काय ती शिक्षा भोगून आले असते.’ गहू उतरवणाऱ्या हमालाने साक्षीत काहीच पाहिलं नसल्याचं सांगितलं. त्याचं घर पुढाऱ्याच्या जागेत होतं. संपादकांनी तडजोड केली.

दिलगिरीचा मजकूर पुढाऱ्याच्या वकिलाने लिहून दिला. पहिलं पान, चौकट, ठळक टाइप, आणि फिर्यादीचं नाव पदव्यांसकट तीनदा. एवढे ठळक खिळे केसमध्ये नव्हते, म्हणून आजोबांनी लग्नपत्रिकांचे घेतले. त्यामुळे पुढाऱ्याचं नाव वेलबुट्टीच्या अक्षरांत छापलं गेलं. वकिलाने हरकत घेतली नाही. पुढाऱ्याला म्हणे ते आवडलं.

साप्ताहिक त्यानंतरही काही वर्षं निघत राहिलं. आजोबांचा छापखाना त्यावरच तगला, हे ते कबूल करत. गव्हाची बातमी पुन्हा आली नाही. पुढाऱ्याचं नाव मात्र दरवर्षी एकदा यायचं, वाढदिवसाच्या जाहिरातीत, रोख पैसे आगाऊ देऊन.