गुलाबाच्या साबणात गुलाब किती?



आमच्या घरी गुलाबाच्या वासाचा साबण हातानं बनतो. पाहुणे वडी हुंगून विचारतात, "गुलाब कुठं लावलाय?" गुलाब नाहीच. दहा गुंठे जिरेनियम आहे. गुलाबाचा वास या पाल्यातून साबणात कसा आला, तो इतिहास आज सांगतो.

आपल्याकडं अंघोळीला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई-रिठा आणि दिवाळीला उटणं. गुलाबाची वाळली पाकळी उटण्यात पडायची, पण खरं गुलाबतेल राजवाड्यातलं. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहिलंय, की नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना भांड्यातल्या गरम पाण्यावर तवंग आला. तो तिनं थोडा थोडा गोळा केला, तेच गुलाबाचं अत्तर.

तवंगच तो, किती निघणार? १ किलो गुलाबतेलाला साधारण ३ ते ४ टन फुलं लागतात. तीही पहाटे, ऊन चढायच्या आत तोडायची. उशीर झाला की वास उडाला.

इकडं युरोपात १७९१ साली निकोलस लेब्लांकनं मिठापासून सोडा करण्याचं पेटंट घेतलं. पुढं सोडा स्वस्त झाला आणि साबण सामान्य माणसाच्या मोरीत आला. आता त्याला वासही स्वस्तातलाच पाहिजे होता.

तो दिला जिरेनियमनं. हे झुडूप मूळ दक्षिण आफ्रिकेचं. सतराव्या शतकात युरोपात गेलं ते कुंडीतली शोभा म्हणून. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये त्याच्या पाल्याचं तेल काढायला लागले. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल ही वासाची द्रव्यं गुलाबात असतात, तीच याच्या पानात असतात. फूल यायची वाट बघायची नाही, पालाच कापायचा. १ टन पाल्यातून साधारण १ ते दीड किलो तेल निघतं.

आता घरचा हिशोब बघा. १ किलो खोबरेल तेलाच्या साबणाला आम्ही २० ग्रॅम सुगंधी तेल घालतो. ते खरं गुलाबतेल घ्यायचं तर ६० ते ८० किलो फुलं लागतील. जिरेनियमचा १५ ते २० किलो पाला पुरतो.

कृती अशी: १ किलो खोबरेलला १७४ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३५० ग्रॅम पाणी. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. हातमोजे-चष्मा घालायचा, अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. दोन्ही कोमट झालं की एकत्र घोटायचं, पिठल्यासारखं दाटलं की शेवटी वास घालून साच्यात ओतायचं. महिना-दीड महिना वाळू द्यायचं. गुलाबपाकळ्या आत घालू नका, सोड्यानं काळ्या पडतात. वाळलेली वडी हातात घेतली की मोरीभर वास सुटतो, तेव्हा एवढी वाट बघितल्याचं सार्थक होतं.

पण इतिहासातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. हे पीक फ्रान्समधून अल्जीरियात गेलं, मग रियुनियन बेटावर. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बों, त्यावरून 'बूर्बों जिरेनियम' जगभर नावाजलं. पुढं इजिप्त आणि चीनचं स्वस्त तेल आलं आणि बेटावरचं पीक आटलं. कारखान्यात बनवलेल्या वासानं उरलासुरला भाव खाल्ला. म्हणजे साबणवाल्याला गुलाब नको असतो, गुलाबाचा वास हवा असतो, आणि जिथं स्वस्त मिळेल तिथं तो जातो.

आपल्या देशात हे पीक आधी तमिळनाडूत, येरकाड आणि निलगिरीच्या थंड डोंगरात रुजलं. लखनौच्या सीमॅप संस्थेनं जाती आणि रोपं तयार केल्यावर ते आपल्या पठारावर आलं. पावसाळ्यात पाणी साचलं की मूळकूज होऊन झाडं जातात, म्हणून निचऱ्याचीच जमीन हवी.

लावणाऱ्यानं आधी तीन गोष्टी बघाव्यात. तेल काढायची भट्टी किती लांब आहे? तेल घेणारे किती जण आहेत? रोपं विकणारा आणि तेल घेणारा एकच असेल, तर तो उद्या आला नाही तर तेल कुठं विकणार? एक बरं, तेल घट्ट झाकून सावलीत ठेवलं तर टिकतं, आणि थोडं घरी साबणात मुरवलं तर त्याचा भाव आपण ठरवतो.