पडलेल्यांचे काय करावयाचे?



अपराध्याला जवळ केले, तर अपराधालाच मान्यता दिली असे होत नाही काय? ख्रिस्ती धर्मात हा वाद आरंभापासून आहे. त्याची खरी कसोटी इ. स. २५० च्या सुमारास लागली. त्या वेळी प्रश्न पोथीतला नव्हता. शेजारच्या माणसाचा होता.

रोमन सम्राट डेसियस याने २४९-५० च्या हिवाळ्यात हुकूम काढला. प्रत्येकाने देवतांना बळी द्यावा आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले पुढे इजिप्तमध्ये सापडले. आपण नेहमीच देवांना भजत आलो, आताही अधिकाऱ्यांसमक्ष बळी दिला, अशी त्यांतील भाषा. ख्रिस्ती माणसाने त्यावर नाव घालणे म्हणजे आपल्या धर्माचा त्याग करणेच होते.

उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज हे मोठे शहर होते. तेथील पुष्कळ ख्रिस्ती लोक डगमगले. कोणी बोलावण्यापूर्वीच चौकात धावले. कोणी छळ सोसून सोसून अखेर मोडले. कोणी बायकामुलांना वाचवावे म्हणून एकट्याने बळी दिला. आणि कोणी बळी न देताच पैसे चारून नुसता दाखला मिळवला. या सर्वांना लॅटिनमध्ये एकच नाव पडले : 'लाप्सी', म्हणजे घसरलेले.

लाट ओसरू लागताच ही माणसे परत दाराशी आली. मग तंटा सुरू झाला. तुरुंगवास व छळ सोसून जे अढळ राहिले होते, त्यांचा मान मोठा. त्यांच्यापैकी काहींनी पतितांना शिफारसपत्रे देण्याचा सपाटा लावला. काही पत्रांत तर 'अमक्याला त्याच्या माणसांसह घ्यावे' एवढाच मजकूर असे. माणसे किती व कोणती, त्याचा पत्ता नाही! काही धर्मगुरूंनी त्यावर भरवसा ठेवून लोकांना लगेच आत घेतले.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याला हे मान्य नव्हते. जखम उघडून न धुता वर पट्टी बांधणारा वैद्य रोग्याचा घात करतो, असे त्याचे म्हणणे. पण त्याची स्वतःची बाजूही नाजूक होती. छळाच्या काळात तो अज्ञातवासात राहून पत्रांनी कारभार पाहत होता. 'तुम्ही लपलात आणि आम्हांला न्याय सांगता?' असे कोणी विचारले, तर उत्तर देणे सोपे नव्हते.

दुसऱ्या टोकाला रोमचा नोव्हेशियन होता. त्याच्या मते असे पाप परमेश्वर क्षमा करील तर करो. मंडळीला तो अधिकार नाही. हा मनुष्य दुष्ट नव्हता. जे नकार देऊन मेले त्यांच्या मरणाची किंमत काय, हा त्याच्या पक्षाचा प्रश्न आजही खोडून काढता येत नाही.

२५१ मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरली आणि तिने मधली वाट काढली. प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासावे. केवळ दाखला घेणाऱ्यांना चौकशीअंती परत घ्यावे. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे; मात्र मृत्युशय्येवर त्यांना विन्मुख पाठवू नये. सिप्रियनचा युक्तिवाद साधा होता : परतीची आशाच नसेल, तर पश्चात्ताप कोण करील? पुढे एकदोन वर्षांतच नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना परिषदेने आत घेतले. ज्यांना लढाईला उभे करावयाचे, त्यांना निःशस्त्र कसे ठेवावे, हे त्यामागचे कारण. २५८ मध्ये सिप्रियनचा शिरच्छेद झाला. या वेळी त्याने मरण चुकवले नाही.

हा इतिहास मी वाचला तो कामगार संघटनेत काम करणारा माणूस म्हणून. आमच्या एका संपात दोघे जण फाटकातून आत गेले. एक पहिल्याच आठवड्यात, मुकादमगिरीच्या आशेने. दुसरा तिसऱ्या महिन्यात, घरी मूल तापाने फणफणले असताना. आम्ही दोघांनाही 'संपफोडे' हे एकच नाव दिले आणि दोघांशीही बोलणे टाकले. पहिल्याला त्याचे काहीच वाटले नाही. दुसरा मात्र पुन्हा कधी सभेला आला नाही. आणि तो आमचा चांगला कार्यकर्ता होता. त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

'झाले गेले विसरा' म्हणणे ही दया नव्हे. तशाने फाटकाबाहेर उपाशी बसलेल्यांचा अपमान होतो. जे झाले त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, ते कोणत्या परिस्थितीत झाले हे विचारावे, परतीची वाट लांब ठेवावी. पण दार मात्र लावून घेऊ नये. कार्थेजच्या परिषदेला हे २५१ मध्ये कळले. आम्हांला तो माणूस गमावल्यावर कळले.