पाठमोरा महानायक

१९४४ साली अमेरिकेत ‘ब्लेझिंग कॉमिक्स’मधून ग्रीन टर्टल अवतरला. हिरव्या झग्यातला हा वीर चीनमध्ये जपानी फौजांशी लढत असे. त्याचे चित्रकार चू हिंग हे अमेरिकन कॉमिक्समधल्या सुरुवातीच्या चिनी वंशाच्या कलावंतांपैकी एक.

या नायकाचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. कधी तो पाठमोरा असतो, कधी झगा आडवा येतो, कधी त्याचाच हात. बर्मा बॉय हा छोटा साथीदार त्याला त्याची पूर्वकथा विचारतो, की लगेच एखादे संकट कोसळते आणि उत्तर राहून जाते! चू हिंग यांना नायक चिनी हवा होता, प्रकाशकाने नकार दिला, म्हणून त्यांनी तोंडच लपवले, अशी आख्यायिका आहे. ती पटण्यासारखी आहे. चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद करणारा १८८२चा कायदा रद्द होऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. छापील पानांवर नायकाची कातडी मात्र ठळक गुलाबी.

पाच अंकांत सारे आटोपले.

२०१४ साली जीन लुएन यांग आणि सॉनी ल्यू यांनी ‘द शॅडो हीरो’त त्याला नाव, घर आणि चेहरा दिला: हँक चू, चिनी किराणा दुकानदाराचा मुलगा.